कुणाच्या हातावर

“बोटं हलवा,” डॉक्टर म्हणाले.

हंबीररावांनी टेबलावर ठेवलेल्या आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. बोटं हलली नाहीत.

“हालतोय की हात,” ते म्हणाले. “घड्याळ बघा तुमी.”

त्याच मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं जुनं ऑटोमॅटिक घड्याळ होतं. पलटणीत असताना कँटीनमधून घेतलेलं. त्याला सेल लागत नाही, चावी द्यावी लागत नाही. हात हलत राहिला की ते चालतं, हात थांबला की एक-दोन दिवसांत तेही थांबतं. हे हंबीररावांनीच डॉक्टरांना समजावून सांगितलं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. दोन्हींत जेमतेम मिनिटाचा फरक होता.

“हात हालत न्हाई म्हणताय, मग हे चालतंय कसं?”

डॉक्टरांनी त्यांचा हात कोपरातून उचलला आणि सोडला. तो धपकन टेबलावर पडला.

“व्यायाम रोज चालू आहे ना?”

मुलगा ऋषिराज म्हणाला, “आबांनी बंद केला. दिवाळीपासून. म्हणाले, हात सुधारलाय, आता त्या व्यायामवाल्या बाईंची गरज नाही.”

“तिथंच चुकलं,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात हो.”

हंबीरराव पुन्हा घड्याळाकडं बघू लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, पदर तोंडाला लावला.

पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, काठी घेऊन ते अंगणात फिरू लागले. डावा हात मात्र तसाच राहिला. तेव्हापासून घड्याळ आधी मागं पडू लागलं, मग बंदच पडू लागलं. हंबीररावांनी दोष घड्याळाला दिला. ऋषिराजनं ते साताऱ्यात दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, याला काही झालेलं नाही. मग ऋषिराजनं आठवडाभर स्वतःच्या हातात घालून पाहिलं. बरोबर चाललं. आबांच्या हातात परत बांधलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थांबलं. त्या रात्री हंबीरराव जेवले नाहीत.

आणि मग ते चालू लागलं. थांबेचना. हंबीररावांनी भावकीत सगळ्यांना मनगट दाखवलं. हात आतून जागा होतोय, असं ते सांगत सुटले.

परत येताना ऋषिराज गाडी चालवत होता, दोघं मागं बसली होती. कोरेगाव जवळ आलं तेव्हा हंबीरराव बोलले.

“एक कळंना गड्या. इतकी वर्सं हे माज्या हातावर रोज थोडं पुढं जायचं. तुज्या हातावर बरोबर चाललं. आता रोज थोडं मागं पडतंय.”

“तसं असतं, आबा. प्रत्येकाच्या हातावर घड्याळ वेगळं चालतं.”

“व्हय. म्हणूनच इचारतोय. मागं पडतंय ते कुणाच्या हातावर?”

ऋषिराजनं आरशातून मागं पाहिलं. मनुबाई खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत होत्या.

“आवं, माज्या,” त्या म्हणाल्या. “पहाटं धार काढताना घालत हुते. झाडलोट करताना, भाकरी थापताना. तुमी उठायच्या आत उशाशी ठेवत हुते.”

“कवापासनं?”

“तुमी जेवला न्हाईसा, त्येच्या दुसऱ्या दिसापासनं.”

“आन् मी व्यायाम बंद केला तवा?”

“सांगायचं हुतं. पर तुमी लय खुशीत हुता. तोंडात आलं न् परत गेलं.”

हंबीररावांनी बायकोकडं पाहिलं, मांडीवरच्या हाताकडं पाहिलं. रागवावं की काय करावं, त्यांना समजेना. घरी गाडीतून उतरताना मनुबाईंनी आधार द्यायला हात पुढं केला, तेव्हा म्हणाले, “त्या बाईस्नी परत बोलवा. आन् घड्याळाला तू हात लावू नगंस. बंद पडलं तर पडू दे. मला कळाय पायजे.”

व्यायामवाली बाई सोमवारी येते म्हणाली. घड्याळ रविवारी पहाटे बंद पडलं.

मनुबाई धारेला निघाल्या होत्या. उशाशी ठेवलेलं घड्याळ त्यांनी कानाला लावलं. टिकटिक नव्हती. सवयीनं त्यांनी ते आपल्या मनगटात सरकवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग काढलं. खाटेच्या कडेला बसल्या, नवऱ्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. ती बाई करायची तसा तो हात कोपरातून वर घेतला, खाली नेला. वर, खाली. हात जड होता, लवकरच त्यांना दम लागला. गोठ्यात म्हैस ओरडत होती.

हंबीररावांनी डोळे उघडले. आपल्यापुढून वरखाली जाणारं घड्याळ ते बघत राहिले. टिकटिक सुरू झाली होती.

“लबाडी करतीयास,” ते म्हणाले.

“घड्याळ तुमच्याच हातात हाय की.”

त्यांनी हात काढून घेतला नाही; तो काढून घेता येत नव्हता. मनुबाई हलवत राहिल्या. खिडकीतून उजेड आला. एकाएकी हंबीरराव उजव्या कोपरावर उठून बसायला लागले.

“आत्ता वर कुणी वढला? तू का मी?”

मनुबाई थांबल्या. त्यांनाही ते नक्की सांगता येईना.

“परत करून बघू,” त्या म्हणाल्या.