निम्मे रूळ

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले बाबा लेकीच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदाच आले. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून पत्र्याचे आठ बाकदार रूळ काढले आणि तिच्या टेबलावर ओळीनं मांडले.

"घे. तुझे राहिलेले," ते म्हणाले. "जुन्या बाजारात सापडले. मापाचे आहेत, बसवून पाहिलेत मी."

लेक सिनेमाची संकलक. कॅमेऱ्यानं टिपलेले तुकडे जोडून त्यांची गोष्ट करायची, हे तिचं काम. रूळ हातात घेताच तिला सगळं आठवलं. ती पाच वर्षांची असताना बाबांनी चावीची आगगाडी आणली होती. खोक्यात रूळ निघाले निम्मेच. गावभरच्या घड्याळांची पोटं उघडून बघणाऱ्या माणसानं हा खोका तेवढा उघडून पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुकानदारानं हात वर केले. मग बाबांनीच युक्ती काढली. गाडी शेवटच्या रुळाशी आली की ते सांगायचे, बोगदा आला, डोळे मीट. ती मिटायची. उघडायची तेव्हा गाडी पुन्हा पहिल्या रुळावर असायची आणि बाबा नव्याच गावाचं नाव पुकारायचे.

"एवढ्याशा पोरीला फसवत राहिलो," बाबा म्हणाले. "मनाला लागून राहिलंय ते."

तिला हसू आलं. तिनं त्यांना हाताला धरून पडद्यासमोर बसवलं आणि हातातल्या सिनेमाचा एक तुकडा लावला. पडद्यावर गाडी डोंगरातल्या बोगद्यात शिरली. काळोख झाला. मग गाडी समुद्राकाठच्या स्टेशनात येऊन थांबली.

"पोचली की," बाबा म्हणाले.

"कुठली पोचतेय? ती गाडी वेगळी, ही वेगळी. मध्ये रूळच नाहीत, बाबा. माझं सगळं काम असंच चालतं, आणि ते मला तुम्ही शिकवलंत."

रूळ पुरते मिळाले असते तर गाडी नुसती गोल फिरली असती आणि आठ दिवसांत आपल्याला तिचा कंटाळा आला असता, हेही तिनं सांगितलं. हे सांगायला आपल्याला इतकी वर्षं लागली, याची तिची तिलाच लाज वाटली.

खुर्ची पुढे ओढून बाबांनी तो तुकडा पुन्हा दाखवायला सांगितला. पाहून झाल्यावर मान हलवली.

"घाई करतेस. काळोख जरा वाढव. गाडी कुठे निघेल, हे मनात यायला वेळ नको का माणसाला?"

तीन दिवस तिला त्या तुकड्यात काहीतरी खुपत होतं, ते हेच. तिनं काळोख दोन सेकंदांनी वाढवला आणि तुकडा परत लावला.

"आता?" तिनं विचारलं.

बाबा गाडीतून कोण उतरतंय, ते बघत होते.