अबोलीचा गजरा

सासूबाई पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबश्या धुऊन पुसत होत्या. मी परजातीची सून या घरात आले आणि गावानं आम्हाला वाळीत टाकलं; तेव्हापासून आमचा उंबरा कुणी चढलं नव्हतं. आज मात्र अख्खा गाव ओटीवर चहाला बसला होता.

फुकटचा जिव्हाळा नव्हता तो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करायचा, म्हणून आमच्या तक्रारीची चौकशी करायला समिती आली होती. शेजारच्या शेवंतीकाकूंनी तर सासूबाईंच्या केसांत अबोलीचा गजराही माळला.

"आजी, गावानं वाळीत टाकलंय ना तुम्हाला?" समितीच्या बाईंनी विचारलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "छे हो! सगळे आलेत की घरी. माझा गाव तसा नाही."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला.

समितीची गाडी वळणाआड गेली, तशी माणसं अर्धे कप तसेच टाकून मुकाट्यानं उठली. अंगणात पंचांनी शेवंतीकाकूंना डोळ्यानंच गजऱ्याकडे खूण केली. काकू तो काढून घ्यायला मागे वळल्या.

त्या गजरा नीट करायला आल्यात असं वाटून सासूबाईंनी हसून मान वाकवली.