तिघांचा साकव

समन्वय बैठकीत पडद्यावर एकच ओळ लाल उरली होती. क्रमांक एकेचाळीस, ओढ्यावरचा साकव.

"हे काय आता?" राज्याचे साहेब म्हणाले. सकाळपासून दोनशे बारा कामं निस्तरून झाली होती आणि त्यांचा चहा दोनदा गार झाला होता.

"लाल म्हणजे एकच काम एकाहून जास्त आराखड्यांत," जिल्ह्याचे साहेब म्हणाले. "हे तर तिघांकडेही आहे. तुमच्या, माझ्या आणि यांच्या." 'यांच्या' म्हणताना त्यांनी तालुक्याच्या साहेबांकडे हात केला नाही, नुसती हनुवटी हलवली. हुद्द्याच्या मानाने तेवढं पुरेसं होतं.

"एका ओढ्यावर तीन साकव? एक जायला, एक यायला, आणि एक उभं राहून बघायला?"

सगळे हसले. कोपऱ्यातला लघुलेखक हसला नाही. विनोद इतिवृत्तात घ्यायचे नसतात, म्हणून त्याची पेन्सिल तेवढी थांबली. त्याची बायको त्याच ओढ्यापलीकडे, उपकेंद्रात नर्स होती. धरायला तार ओढून गावाने ओढ्यावर विजेचे दोन जुने खांब आडवे टाकले होते. सकाळी ती त्यांवरून जायची आणि संध्याकाळी त्यांवरूनच परतायची. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला होता. "पाणी चढतंय," एवढंच म्हणाली. एरवी तिला फोन ठेव म्हणावं लागायचं. घाबरली की मात्र ती दोन शब्दांवर यायची.

"मी काढतो माझ्याकडून," राज्याचे साहेब उदार झाले. "समन्वय म्हणजे शेवटी काय? मोठ्याने मागे सरायचं."

"छे, छे, साहेब! तुम्ही कशाला? मी काढतो ना."

"आता तुम्ही दोघं काढताय म्हटल्यावर मी ठेवणं बरं दिसेल का?" तालुक्याचे साहेब म्हणाले.

तिघांनीही काढलं. लाल ओळ गेली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

लघुलेखक खोकला. शिपायाने तत्परतेने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. पाणी न पिताच लघुलेखक म्हणाला, "साहेब, मग आता बांधणार कोण?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत बैठकीत काढलेला हा त्याचा पहिला शब्द. छताच्या पंख्याने मत द्यावं तसं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तसं खरं आहे," तालुक्याचे साहेब चाचरत म्हणाले. "वेगळा ठेवायचा का? तिघांनी मिळून करायची कामं असतात त्या यादीत?"

"अकरा वर्षांत त्या यादीत एकही काम नाही," जिल्ह्याचे साहेब म्हणाले. "उगाच पायंडा पडायचा."

"मग वगळा," राज्याचे साहेब म्हणाले. "पाचला आराखडे बंद होतात, ते तीन वर्षं उघडत नाहीत. साडेचारला इतिवृत्त माझ्या टेबलावर हवं. चला, आभार उरका."

आपल्या खोलीत लघुलेखकाने वही उघडली. लघुलिपीत घाईच्या वेळी स्वर गाळतात. नुसती व्यंजनं ओढायची आणि बाकीचं नंतर कानाने आठवायचं. पानाच्या तळाशी एक आकडेबाज रेघ होती. व, ग, ळ. दोन ओळी वर तालुक्याच्या साहेबांच्या तोंडचीही तशीच रेघ. वगळा, वेगळा. कागदावर दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. फरक होता तो फक्त त्याच्या कानात, आणि कानाचं वय एकावन्न होतं.

आजवर त्याने कुणाच्याही वाक्यात स्वतःचा स्वल्पविरामसुद्धा घातला नव्हता. त्याने टाइप केलं : 'साकव वेगळा'. मग पुसलं. खिडकीतून आभाळ पाहिलं. पुन्हा टाइप केलं आणि विचार करायच्या आत छापून घेतलं.

वरचे वाचतीलच, म्हणून तालुक्याच्या साहेबांनी न वाचता सही केली. खालच्याने वाचलंच असेल, म्हणून जिल्ह्याच्या साहेबांनी केली. राज्याच्या साहेबांनी मात्र चष्मा लावला.

"साकव वेगळा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मी असं म्हणालो?"

लघुलेखकाने वही उघडली. "वहीत आहे, साहेब." त्याने पान पुढे धरलं. साहेबांनी ती रेघ सरळ पाहिली, तिरकी पाहिली, मग जिल्ह्याच्या साहेबांकडे पाहिलं. "काय हो, म्हणालो का मी?"

जिल्ह्याच्या साहेबांना काहीच आठवत नव्हतं. पण साहेब काही म्हणालेच नाहीत, असं कसं म्हणणार? "तुम्हीच म्हणालात, साहेब. आम्हाला कुठे सुचतंय?"

"हं." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "चांगलं म्हणालो." आणि सही केली. पाचला सात मिनिटं असताना अकरा वर्षं रिकाम्या असलेल्या यादीत पहिलं काम चढलं.

लघुलेखक जिन्याच्या वळणावर आला आणि त्याने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. तिच्या आवाजामागे दुसरा एक मोठा आवाज होता, न थांबणारा.

"अगं, साकव मंजूर झाला!"

"अहो, खरंच? कुणी केला?"

"तिघांनी मिळून. तू कुठे आहेस?"

"अर्ध्यात."

"अर्ध्यात म्हणजे?"

"ठेवते आता," ती म्हणाली. "पुढे दोन्ही हात लागतात."