केरूचा हात

“परत एकदा. एकच ठोका. आणि आवाज मरेपर्यंत हलायचं नाय,” काचेपलीकडून मितेश म्हणाला.

दिनानाथने गिटारीवर एक ठोका मारला आणि श्वास धरून बसला. रोह्यातल्या मितेशच्या घराच्या या मागच्या खोलीत खिडक्यांवर गाद्या ठोकल्या होत्या. घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद. मध्येच कोणी घुसू नये म्हणून दाराला बाहेरून कडी. सकाळपासून त्याने दीडशे ठोके दिले होते आणि त्यातला एकही त्याचा नव्हता. तो केरूचा हात वाजवत होता. केरू त्याचा धाकटा भाऊ.

दोघे पेणजवळच्या जोह्याचे. एरवी गणपतीच्या कारखान्यात कामाला, लग्नसराईत गुणाजीशेठच्या ऑर्केस्ट्रात गिटारीवर. डोलवीच्या कंपनीत आलेल्या एका फ्रेंच इंजिनिअरने जाताना त्यांना एक कॅसेट दिली होती. जिप्सी जॅझ म्हणे. त्यात एक गिटार चाल वाजवते आणि दुसरी तिच्या पाठीशी तोडून तोडून ठोके देते, ढोलकी नसली तरी चालतं. भावांनी ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. चाल दिनानाथची, ठोके केरूचे. पेणपासून रोह्यापर्यंत हळदीला लोक त्यावर घाम गळेपर्यंत नाचत.

यंदा शेठने कीबोर्डवाल्या मितेशचं नवं मशीन घ्यायचं ठरवलं. एकेक ठोका, एकेक सूर त्यात भरून ठेवायचा. मग कीबोर्डवर बोट ठेवलं की तीच गिटार वाजते. शेठने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “मशीन आलं की गिटारवाला एकच. कोण ऱ्हायचा ते तुमी बघा.”

घरी दोघांनी शेजारी शेजारी जेवायला बसून आठ दिवस एकमेकांची नजर चुकवली. दिनानाथ विचार करत होता, तो मूर्तिकाराच्याच डोक्याने. गणपतीचं अंग साच्यातून निघतं, एकासारखी एक शंभर. डोळे मात्र हातानेच आखावे लागतात, म्हणून कारखान्यात आखणाऱ्याला मरण नाही. केरूचे ठोके म्हणजे अंग आणि आपली चाल म्हणजे डोळे. एकदा अंगाचा साचा निघाला की आपली जागा पक्की. केरूचा हात तर त्याला येतच होता, त्यानेच तो केरूला शिकवला होता. दाढ काढायला जातो असं घरी सांगून त्याने आज जिते स्टेशनातून रोह्याची गाडी पकडली.

लाज वाटत होती. पण ऑर्केस्ट्रा सुटला तर जन्मभर नुसता मूर्तींवर पॉलिश पेपर घासत बसायचं, या विचाराने त्याला जास्त धडकी भरत होती. ज्याला पाठीवर घेऊन शाळेत सोडलं, त्या भावाचा तो साचा काढत होता.

“झालं बघा. आता ऐका,” मितेश म्हणाला. त्याने कीबोर्डवर डाव्या हाताने ठोके धरले.

स्पीकरमधून केरू वाजू लागला. हुबेहूब. दिनानाथला अभिमान वाटला. तेवढ्यात मितेशने उजव्या हाताने त्यावर चाल सुरू केली. वरच्या तारेवर घसरत जाणारी, शेवटचा सूर थरथरवणारी. ती दिनानाथची गिटार होती.

त्याने तर मशीनला चालीचा एक सूरही दिला नव्हता.

तो कान देऊन ऐकू लागला. उंच सुराला करंगळीचं नख तारेवर घासत होतं. त्या नखापायी लहानपणी त्याने केरूला कितीदा टपल्या मारल्या होत्या.

“ही कोणी भरली?”

“केरूनं. परवा दिवसभर इथंच तर बसलेला, तुमच्या या खुर्चीत. तुमचा हात काय काढलाय त्यानं! मला वाटलं, तुमचं घरी बोलणं झालंय.”

दिनानाथला संताप यायला हवा होता. पण आला नाही. परवा केरू दिवसभर कुठे होता, हे त्याने विचारलं नव्हतं. आणि आज कुठली दाढ, हे केरूनेही विचारलं नव्हतं. त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

“मग शेठ आता कोणाला ठेवणार?” त्याने कसंबसं विचारलं.

मितेश फ्लॉपीवर नावं लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

“आता कोणाला कशाला ठेवतील? तुमी दोघंपण आलात की यात.”