मान टाकणारं झाड

"झाड वडिलांसाठी हवंय. एकटेच राहतात. घरात ऊन येत नाही," मी म्हणाले.

नर्सरीवाल्या काकूंनी स्नेक प्लांट पुढे केलं. "हे न्या. पंधरा दिवस पाणी नाही दिलं तरी ढिम्म."

"ढिम्म तर बाबाच आहेत. तापाने फणफणले तरी फोनवर 'बरा आहे' म्हणतात. पाणी चुकलं की लगेच दिसेल, असं द्या."

काकू हसल्या. त्यांनी पीस लिली दिली. "सावलीत राहते, पण तहानली की मान टाकते. पाणी मिळालं की पुन्हा ताठ."

त्यानंतर व्हिडिओ कॉल लागला की मी आधी बाबांच्या मागची कुंडी बघायचे. झाड ताठ, मी निर्धास्त.

परवा बाबा अचानक माझ्याकडे आले. पिशवीत तसलंच झाड.

"कॉलवर तू आधी कुणाला बघतेस, कळतं मला," ते म्हणाले. "आता हे तुझ्या मागे ठेव. घटस्फोट झाल्यापासून तूही नुसतं 'मजेत' म्हणतेस."

माझी मान आपोआप खाली गेली. बाबांनी काही न विचारता पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला.