अकराव्यांदा

इगाराशीने चित्रांचा गठ्ठा चौथ्यांदा टेबलावर ठेवला, तेव्हा कुसाकाने वर बघितलंही नाही. अंगठ्याने भराभर कागद उलटले.

"गाडीला वजनच नाही. वळणावर ती गाडी वाटत नाही, पतंग वाटतो."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, फार जड वाटते."

"मग मधलं काहीतरी काढ."

ती वाकून नमस्कार करून गठ्ठा उचलून गेली. हेच त्याला जास्त झोंबायचं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

ओगिकुबोच्या त्या स्टुडिओत पाच वर्षं एकाच चित्रपटाचं काम चाललं होतं. मोटारींच्या शर्यतीचा चित्रपट, आणि एकूण एक चित्र हाताने काढायचं, असा दिग्दर्शक हानावाचा हट्ट. बाकी सगळे कधीच संगणकाकडे वळले होते. कुसाकाचा हात सव्वीस वर्षं गाड्या काढण्यात मुरलेला. शेवटच्या शर्यतीचे अखेरचे चाळीस सेकंद आपल्यालाच मिळणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. बायकोला सांगूनही झालं होतं. हानावाने ते दिले सत्तावीस वर्षांच्या इगाराशीला. कुसाकाला म्हणाला, "तुम्ही तपासा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

कुसाकाने पहिला गठ्ठा उघडला, दोन-चार कागद नीट बघितले आणि घाईने मिटून टाकला. मग त्याने पुन्हा तसं बघितलंच नाही. दुरुस्तीचे पिवळे कागद चित्रांवर ठेवून तो खुसपटं काढत राहिला. चाक वाकडं आहे. धूर मेलेला आहे. चालकाची मान बघ, कोंबडीसारखी. ती दर वेळी नव्याने काढून आणायची. इतर लोक दुपारी डबे उघडायचे, तेव्हा ही एका हाताने भाताचा गोळा खात दुसऱ्या हाताने रेघ ओढत असायची. कुसाका तिरक्या डोळ्याने बघायचा. तिची रेघ अडखळत नसे. त्याची हल्ली अडखळत होती.

"अजून किती वेळा, कुसाकासान?" हानावाने एकदा विचारलं. "शर्यत लागायच्या आधीच गाडी म्हातारी होईल."

"घाई असेल तर दुसरा तपासनीस बघा."

असं करता करता दहा वेळा झालं.

मग एका सकाळी बातमी आली, की इगाराशीच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मोरिओकाला त्यांचं सोबा शेवयांचं दुकान होतं, ते सांभाळायला ती कायमची गावी निघाली होती. कुसाकाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते इतकंच, की छातीवरचा दगड कोणीतरी उचलला. खूप दिवसांनी त्याने चहा गरम असताना प्यायला. तेवढ्यात ती अकरावा गठ्ठा ठेवून गेली.

त्याने तो सावकाश उलटला. गाडी वळणावर आली, एका बाजूला कलली, क्षणभर अधांतरी राहिली, आणि कागदातून बाहेर पडेल की काय असं वाटून त्याने मान मागे घेतली. त्याने पुन्हा पहिल्यापासून उलटला. मग एकही पिवळा कागद न लावता वर लिहिलं, 'आता जमलं.'

कामाला सात वर्षं पुरी झाली तेव्हा चित्रपट लागला आणि आपटला. कुसाका पाहायला गेला तेव्हा थिएटरात नऊ माणसं होती. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत गेली म्हणून हानावा खचला. कुसाकाच्या मनात मात्र, त्याची त्यालाच लाज वाटावी असा, एक कोपरा सुखावला होता. आता इगाराशीचं नाव कोणी घेणार नव्हतं.

पण चित्रपट मेला नाही. कोणीतरी कोणाला दाखवला, त्याने आणखी कोणाला. परदेशातून पत्रं येऊ लागली. दहा वर्षांनी शिंजुकूच्या एका थिएटरात तो पुन्हा लावला तेव्हा पायऱ्यांवरही माणसं बसली होती. ते चाळीस सेकंद संपले आणि टाळ्या थांबेनात.

खेळानंतर दोघांना मंचावर बोलावलं. इगाराशी मोरिओकाहून आली होती. शेवया मळून मळून तिची बोटं जाड झाली होती. कोणीतरी विचारलं, हे इतकं जिवंत कसं झालं? ती काही बोलायच्या आतच कुसाकाने माईक घेतला.

"मी दहा वेळा परत पाठवलं होतं," तो म्हणाला. "अकराव्यांदा जमलं."

लोक हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. इगाराशीही हसली आणि त्याच्याकडे वळून वाकली. इतकी वर्षं त्याने स्वतःला हेच तर समजावलं होतं. रेघ तिची असेल, पण घडवली ती आपण.

मागच्या खोलीत दोघंच उरले. त्याने तिच्यासाठी चहा ओतला. मनातून तो मोकळा झाला होता, म्हणून उदारपणे म्हणाला, "तो अकरावा गठ्ठा अजून आठवतो मला. पहिल्यापेक्षा किती वेगळा होता."

तिने कप दोन्ही हातांनी घेतला.

"तो पहिलाच होता, कुसाकासान. बाबा दवाखान्यात होते, नवं काढायला वेळ नव्हता. होता तोच पुन्हा ठेवला."

कुसाकाचा हात किटलीवरच राहिला. "मग मला कळलं कसं नाही?"

"त्या दिवशी तुम्ही चित्रं बघितलीत," ती शांतपणे म्हणाली. "आधीच्या दहाही वेळा मलाच बघत होतात."