कोळंबीची सालं

श्रावणातल्या सोमवारी कॉलनीच्या खतखड्ड्यावर ओला कचरा तपासायची पाळी कुंदाची होती. शेजारच्या विमलवहिनींनी बादली ओतली, तर भाजीच्या देठांतून कोळंबीची सालं बाहेर पडली. उपासाबद्दल कॉलनीभर उपदेश करणाऱ्या वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

कुंपणाच्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून दोघी दोन वर्षं बोलत नव्हत्या. आता वचपा काढायची संधी आयतीच चालून आली होती. कुंदा तोंड उघडणार, तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा नलूआत्या खड्ड्यापाशी आल्या आणि सालांकडे बघून कडाडल्या, "श्रावणात हे कोणाच्या घरचं?"

वहिनींनी रिकामी बादली पटकन पाठीमागे लपवली. ते बघून कुंदाचा राग कुठल्या कुठे गेला.

"माझ्या घरचं," ती म्हणाली. "राहवलं नाही हो, आत्या."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या.

आजूबाजूला दुसरं कोणी नाही, हे नलूआत्यांनी नीट पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्याकडे कोळीण येते कधी? मी पंधरा दिवस वाट बघतेय."

कुंदानं वहिनींकडे पाहिलं. विमलवहिनीच हळूच म्हणाल्या, "आमच्या मागच्या दारी येते, आत्या. उद्या दोघीही या."